दसऱ्याला पूजलेला व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेम आमच्या घरात आला त्या दिवाळीला आई खरं तर मिक्सर घेणार होती. अण्णा तिला घेऊन दुकानात गेले, मिक्सरची भांडी उघडून पाहून झाली, झाकण घट्ट बसतं का ते तपासून झालं. पण शेजारच्या काउंटरवर चालू ठेवलेल्या खेळापुढून मी आणि ताई हलायला तयार नव्हतो. शेवटी आईच म्हणाली, “पाटा अजून झिजलेला नाही. पोरांचं घ्या आधी.” मिक्सर पुढच्या दिवाळीला आला. मधल्या वर्षात आईने त्याचं नाव काढलं नाही, पण आम्ही खेळायला बसलो की मागच्या खोलीतून वरवंट्याचा आवाज जरा जास्तच मोठा यायचा, असं ताईचं म्हणणं होतं.

घर सिडकोतलं, पुढे एक खोली, मागे एक, आणि मोरीच्या अलीकडे अण्णांची हत्यारांची पेटी. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीवरून दुपारी परत आले की ते सायकल भिंतीला टेकवायचे, त्या आवाजाने घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक बदलायचं. ते जेवून लवंडले की टीव्ही आमचा. केबलची वायर काढायची, गेमची खोचायची, टीव्हीच्या पुढचं छोटं चाक नखाने फिरवत पडद्यावरच्या मुंग्या घालवायच्या, कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकायचं, ती परत बसवायची. फुंकून काही होत नाही, उलट ओल जाते, असं पुढे कुणीतरी मला समजावून सांगितलं. असेल. पण फुंकल्याशिवाय कॅसेट चालल्याचं मला आठवत नाही. हिवाळ्यात गेमचा अडॅप्टर तापायचा आणि आई त्याच्या शेजारी विरजणाचं भांडं फडक्यात गुंडाळून ठेवायची. नाशिकच्या थंडीत दही लागणं ही मोठी गोष्ट होती. “खेळा रे थोडं अजून, दही लागायचंय,” असं म्हणणारी आई मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही.

ताई माझ्याहून बरीच मोठी. मी पाचवीत होतो तेव्हा ती कॉलेजात होती, आणि खरं तर तिने माझ्याबरोबर खेळावं असं तिचं वय नव्हतं. पण एक नंबरचा रिमोट तिचा आणि दोन नंबरचा माझा, हे पहिल्या दिवशीच ठरलं. आम्ही हातात धरायच्या त्या चौकोनी तुकड्याला रिमोटच म्हणायचो. खेळांची इंग्रजी नावं आम्हाला वाचता यायची, पण घरात ती कुणी वापरत नसे. रणगाड्यांचा, विटा फोडणाऱ्याचा, आणि सगळ्यांत लाडका तो दोन बंदूकवाल्यांचा. एक निळा, एक लाल. दोघं जंगलातून, धबधब्यावरून, बर्फातून पुढे जात राहतात, आणि शेवटच्या टप्प्यात भिंतीतून हात बाहेर काढणारं एक भलंमोठं काहीतरी त्यांना गिळतं. त्या टप्प्याच्या पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. आमच्या गल्लीतलं कुणीच गेलं नव्हतं.

त्या खेळात एक सोय होती. आपले सगळे जीव संपले की बटण दाबून जोडीदाराचा एक जीव घेता यायचा. माझे जीव जंगलातच संपायचे. “ताई, एक दे ना.”

“मागच्या वेळचा काय केलास?”

“पडलो पाण्यात.”

“पाण्यात पडायला देते का मी? घे. आणि माझ्या मागे राहा, पुढे पुढे करू नकोस.”

ती तोंडाने शिव्या दिल्यासारखं बोलायची, पण जीव द्यायला तिने कधी नाही म्हटलं नाही. शेवटच्या टप्प्यावर ती एकटी राहायची, माझ्यावर सगळं उधळून झाल्यावर. ती मेली की मी म्हणायचो, मला दिलेस म्हणून हरलो. ती म्हणायची, “मग काय, तुला मागे टाकून जाऊ?”

खेळ अर्धा ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती. यंत्र बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्या जंगलापासून. म्हणून अण्णांना बातम्या पाहायच्या असल्या की ताई खेळ थांबवायची, गेमची वायर काढून केबलची खोचायची, आणि यंत्र तसंच चालू ठेवून त्यावर रुमाल टाकायची. टीव्हीवर बातम्या, रुमालाखाली आमचे दोघं बंदूकवाले जागच्या जागी थांबलेले. जेवताना माझं लक्ष त्या रुमालाकडे असायचं. लाइट जाऊ नये एवढंच मागणं होतं. गेली तर ताई ताटावरून न उठता म्हणायची, “गेले बिचारे.” आणि आई म्हणायची, “जेवताना असं बोलू नये.”

आत्ताच्या खेळांत काहीच जात नाही. दर थोड्या वेळाने कोपऱ्यात एक खूण फिरते आणि आपण जिथे असू ते जपून ठेवलं जातं. सोयीचं आहे, मी सोयीच्या विरुद्ध कधीच नसतो. पण रुमालाकडे बघत घास गिळण्याचं कारण त्या खुणेने काढून घेतलं, हेही खरं.

पावसाळा संपता संपता ताईचं लग्न ठरलं. मुलगा दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग. बागेची छाटणी उरकली की लग्न, माल काढायला येण्याच्या आत, असं त्यांच्याकडून सांगणं आलं. आईला ते सोयीचं वाटलं, अण्णांना घाईचं. ताईला काय वाटलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिला एवढंच विचारलं की मग शेवटचा टप्पा कधी करायचा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “करू की. जायच्या आधी करायचाच. दोघांनी.” त्या दिवसापासून मी रोज शाळेतून येताना त्या एकाच गोष्टीचा विचार करत असे. पाहुणे, साड्या, मांडव, सगळं मोठ्यांचं. माझं काम ठरलेलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. अण्णा आदल्या दिवशी पेटी रिकामी करून एकेक कानस, पाना, हातोडी, व्हर्नियर तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि पाटावर मांडायचे. शेजारी आईचं शिवणयंत्र, माझी पुस्तकं, अण्णांची सायकल दारात. ताईचं हे माहेरचं शेवटचं सणाचं वर्ष म्हणून आईने सगळी पूजा तिच्या हातून करायचं ठरवलं होतं. ताईने झेंडूच्या माळा ओवल्या, पाटाभोवती रांगोळी काढली, आणि मग आत जाऊन व्हिडिओ गेम घेऊन आली. अण्णा हसले. “हे कसलं हत्यार?”

“याचं,” ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली, “आणि माझं. आमची लढाई बाकी आहे.”

“ठेव मग. कॅसेट वेगळी ठेव, तिलाही कुंकू लागू दे,” आई आतून म्हणाली.

म्हणून कॅसेट काढून शेजारी ठेवली. यंत्राचं तोंड उघडंच राहिलं. ताईने पाटावरच्या सगळ्या वस्तूंवर फुलाने पाणी शिंपडलं, ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या. गेमवर तिने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मोठं, सावकाश, जीभ दातांत धरून. इतर कशालाच तिने एवढा वेळ लावला नव्हता. ओघळ आत गेला असणार, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या घरात लोखंडाची पूजा करायची सवय, त्या घरात पाण्याने काही बिघडेल असं मनात कशाला येईल? लोखंड पुसता येतं.

दुसऱ्या दिवशी वायर लावून बटण दाबलं तर पडद्यावर रंगीत चौकटी आल्या, थरथरल्या, आणि अडॅप्टरजवळून जळका वास आला. ताईने झटकन पिन उपटली. अण्णांनी पाळीवरून आल्यावर जेवायच्या आधी यंत्र उघडलं. आत हिरव्या पट्टीवर कुंकवाचा लाल डाग आणि दोन तांदूळ. अण्णांनी स्पिरिट लावलेल्या जुन्या दातब्रशने सगळं पुसलं, उन्हात ठेवलं, परत जोडलं. यंत्र चालू झालं. आम्ही ओरडलोच. पण लाल बंदूकवाला जागचा हलेना. रिमोट बदलून पाहिले, वायरी हलवून पाहिल्या. दोन नंबरची खाच मेली होती. एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने आत पाहिलंसुद्धा नाही. “आख्खा बोर्ड गेलाय म्हणायचा. नवीन घ्या.” लग्नाच्या खरेदीत नवीन गेमला जागा नव्हती, आणि हे सांगायची गरजही कुणाला पडली नाही.  ताई एकदा माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाली, “मीच केली ना पूजा. माझ्याच हातून गेला.”

लग्नाच्या थोडं आधी आई आणि अण्णा पत्रिका वाटायला सिन्नरला गेले. घरात मी आणि ताई. दुपारी तिने दार लोटलं, गेम मांडला आणि माझ्यापुढे एक नंबरचा रिमोट धरला. “ये. उजवीकडची बटणं तुझी. दिशा माझ्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी चालवते, तू उडी मार आणि गोळ्या मार. एक माणूस, दोघं मिळून.”

रिमोट तळहाताएवढा. तो दोघांनी धरायचा म्हणजे खांद्याला खांदा लावून, तिचा डावा हात, माझा उजवा. पहिल्या जंगलात आम्ही सारखे मेलो. ती खड्ड्यापाशी यायची आणि मी उडी मारायला विसरायचो. “मार ना!” “सांग ना मग!” “दिसत नाही का?” मग हळूहळू सांगायची गरज उरली नाही. ती वळायच्या आत माझा अंगठा गोळी झाडायचा. धबधबा गेला, बर्फ गेलं. मागच्या खोलीत खिचडी कुकरमध्ये तशीच राहिली. भारनियमनाची वेळ टळून गेली आणि लाइट गेली नाही. भिंतीतून हात बाहेर काढणाऱ्या त्या राक्षसाच्या अलीकडच्या दारापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा आमच्याकडे अजून जीव शिल्लक होते. एवढे शिल्लक आम्ही दोन रिमोटवरही कधी ठेवले नव्हते. ताई म्हणाली, “श्वास घे,” आणि तिने खेळ थांबवला. आम्ही दोघांनी खरंच श्वास घेतला.

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि पाठोपाठ आवाज आला, “घरात कोन हाय का नाय?” ताईच्या होणाऱ्या सासूबाई. शालिमारला खरेदीला आल्या होत्या, मापाचं ब्लाउज हवं होतं, म्हणून न कळवता आल्या. सोबत त्यांचा पुतण्या, दाराबाहेर जीपपाशी. ताई ताडकन उठली, ओढणी सारखी केली, वाकून नमस्कार केला. सासूबाई खुर्चीवर टेकल्या आणि टीव्हीकडे पाहू लागल्या. पडद्यावर आमचा निळा माणूस दारासमोर एक पाय उचलून थांबलेला.

“हे काय गं? पिच्चर हाय का?”

“नाही, खेळ आहे. व्हिडिओ गेम.”

“तू खेळती?”

ताई म्हणाली, “छे, हा खेळतो. मला नाही येत त्यातलं.”

“बरं हाय,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं पोरं लय हायेत, पन असलं येड नाय. बागेतनं वेळच मिळत नाय.” त्यात टोमणा नव्हता. त्या सरळ बाई होत्या, पुढे माझ्यावर त्यांनी मायाच केली. पण मी ताईकडे बघत राहिलो. रिमोट माझ्या हातात होता, आणि त्याच्या डाव्या बाजूला तिच्या अंगठ्याचा घाम अजून ओला होता. ती चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, ब्लाउज दिलं, खिचडी खाऊन जा म्हणून आग्रह झाला, मग त्या खरंच जेवल्या. त्या गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मी म्हणालो, “ताई, चल.” ती ताटं विसळत होती. “तू खेळ,” म्हणाली. “मला पिठाचा डबा भरायचाय.” खेळातलं ते दार मी एकट्याने उघडलं नाही. यंत्रावर रुमाल टाकला. आई-अण्णा आले, बातम्या झाल्या, जेवणं झाली. लाइट कधी गेली ते कळलं नाही. सकाळी रुमाल उचलला तेव्हा आतला लाल दिवा बंद होता. ताईला सांगितलं. “गेले बिचारे” ती म्हणाली नाही. म्हणाली, “आता उचलून ठेव. पाहुणे येतील.”

लग्न झालं. त्यानंतर मी तो खेळ काही वेळा लावला. एकट्याने तो बर्फापर्यंत जातो, पुढे नाही.

माझी पहिली चांगली नोकरी सातपूरच्या एका कारखान्यातल्या स्टोअरची. गंगापूर रोडला भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि पगार हातात पडल्यावर घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे नवीन गेमचं यंत्र. नंतर त्याच्या पुढचं, नंतर त्याच्याही पुढचं. मोठा टीव्ही, भिंतीवर टांगलेला. खेळांत आता माणसाच्या कपाळावरचा घाम दिसायचा, पावसात रस्ता चमकायचा, घोड्याच्या नाकातून वाफ यायची. पहिला तास मी तोंड उघडं ठेवून बघायचो. मग कामं सुरू व्हायची. याला भेट, त्याला पोचव, इतक्या वस्तू गोळा कर, इतक्या राहिल्या. कोपऱ्यात यादी. दिवसभर मी कारखान्यात याद्याच करत होतो, आणि त्या कामावर माझं प्रेमही होतं, पण घरी आल्यावर दुसऱ्या कुणीतरी केलेल्या यादीवर खुणा करायला मला बळ उरायचं नाही. इंटरनेटवरून खेळायचं म्हणून कानाला हेडफोन लावून पाहिला. कुठल्या कुठल्या देशातली पोरं कानात ओरडत होती. माझ्या शेजारची गादी रिकामी. मी नवीन खेळ आणायचो, खोकं उघडायचो, थोडं खेळायचो आणि बंद करायचो. दोष खेळांचा नव्हता. मित्र म्हणायचे, अरे हा सगळ्यांत भारी आहे, हा खेळून बघ. मी खेळून बघायचो. भूक नसताना पंगतीला बसल्यासारखं व्हायचं.

एकदा माल निघाल्यावर ताई तिच्या मुलाला घेऊन फ्लॅटवर राहायला आली. द्राक्षाची पेटी, वेगळ्या पिशवीत सुटे मणी, बाजरीचं पीठ. हातांना भेगा. फवारणीच्या दिवसांत काय होतं ते ती सांगत होती, मी ऐकत होतो, आणि भाचा टीव्हीपुढे बसला होता. मी उठून दुसरा रिमोट आणला आणि तिच्या हातात दिला. “बस ना. हा खेळ दोघांचा आहे.” मी तो मुद्दाम शोधून आणला होता. ती बसली. त्या रिमोटला दोन दांड्या, एक चालायला, एक बघायला. तिचा माणूस जागेवर उभा राहून आभाळाकडे बघू लागला.

“आई, वर काय बघते? शत्रू पुढून येताहेत!” भाचा हसून लोळायला लागला.

“अरे, पण खाली कसं बघायचं?” तीही हसली. थोडा वेळ तिने प्रयत्न केला, मग रिमोट मुलाच्या मांडीवर ठेवला. “तुम्ही खेळा. मला गरगरतंय.”

संध्याकाळी आम्ही ओट्यापाशी मणी निवडत होतो. मी म्हणालो, “आपला तो जुना बरा होता, नाही? ती सिन्नरची दुपार आठवते? एकाच रिमोटवर खेळलो ती?”

तिने खरंच आठवून पाहिलं. “सिन्नरची कुठली?”

मी सगळं सांगितलं. दारापर्यंत कसे पोचलो, किती जीव शिल्लक होते, सासूबाई आल्या. तिला सासूबाई आल्याचं आठवत होतं. खिचडी करपली होती म्हणून लाज वाटली होती, तेही आठवत होतं. खेळाचं नाही. सडका मणी बाजूला टाकत ती म्हणाली, “मला कुठे एवढं आवडायचं ते? तुला गल्लीत कुणी घ्यायचं नाही, म्हणून बसायचे मी. आई म्हणायची, बस गं त्याच्याजवळ जरा.”

यात चूक-बरोबर ठरवायला माझ्याकडे काही नाही. असेलही तसं. तिने सासूबाईंना सांगितलेलं वाक्य इतक्या वर्षांत तिचंच झालं असेल, किंवा ते तेव्हाच खरं असेल. मी वाद घातला नाही, मणी निवडत राहिलो. माझी आठवण तिच्याहून पक्की आहे याची मला खात्री आहे. कुठला टप्पा, कुठलं दार, कुठे पाणी, सगळं मी आजही सांगू शकतो. पण ताईला तेव्हा मजा येत होती का, हे मला सांगता येत नाही. आम्ही इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो आणि दोघंही समोर पडद्याकडे बघत होतो. खेळताना तिचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही.